हरितगृहातील फुलरोपे लांबुडकी झाल्यास: निदान, उपाय आणि पुढची पेरणी

बी उगवून आठ-दहा दिवस होतात, ट्रे लांबून हिरवागार दिसतो, पण जवळ जाऊन पाहिले तर रोपांचे दांडे बारीक आणि फिकट असतात, पाने लहान व एकमेकांपासून दूर असतात आणि झारीने पाणी दिले की निम्मी रोपे आडवी होतात. हरितगृहात फुलरोपे नव्याने तयार करणाऱ्यांना ही अडचण पहिल्या एक-दोन पेरण्यांतच गाठते. तिचे कारण बहुतेक वेळा कमी प्रकाश असते, परंतु केवळ तेच नसते. दाटी, रात्रीपेक्षा बराच उष्ण दिवस, सतत ओले माध्यम (ज्यात रोपे वाढवतात ते कोकोपीटसारखे मिश्रण) आणि अमोनियमयुक्त नत्राचा जास्त वापर यांपैकी दोन-तीन गोष्टी सहसा एकत्र आलेल्या असतात. म्हणून एखादा उपाय घाईने करण्यापूर्वी रोप नेमके केव्हा आणि कशामुळे लांबले, हे पाहणे आवश्यक आहे.

येथे एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. लांबलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. दांड्यातील पेशी ताणल्या जाऊन त्यांच्या भिंती पक्क्या झाल्या की त्या भागाची लांबी कायमची ठरते. त्यामुळे खाली सांगितलेला प्रत्येक उपाय यापुढे येणाऱ्या पेरांसाठी, म्हणजे दोन पानांमधील दांड्याच्या नव्या भागांसाठी, आहे. जुन्या लांबीचे काय करायचे, म्हणजे ती मातीआड करायची, शेंडा खुडून तिचा उपयोग करून घ्यायचा की रोपच टाकून द्यायचे, हा वेगळा निर्णय असून तो फुलाच्या जातीवर अवलंबून असतो.

पहिली पायरी: दांडा पाहून निदान

ट्रेच्या मध्यभागातील तीन-चार आणि कडेची तीन-चार रोपे माध्यमासह हलकेच बाहेर काढावीत व शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. माध्यमाच्या पृष्ठभागापासून बीजपत्रांपर्यंतचा दांडा आणि त्यावरची पानापानांमधील पेरे यांची लांबी निरनिराळ्या दिवसांत ठरलेली असते, त्यामुळे कोणता भाग लांब आहे यावरून दोष कधी घडला ते समजते.

बीजपत्रांखालचा दांडा लांब, पण त्यावरची पेरे आखूड असतील, तर चूक उगवणीच्या एक-दोन दिवसांत झालेली आहे आणि नंतर परिस्थिती सुधारलेली आहे. ट्रे उगवणकक्षात जास्त वेळ राहणे, वरचे आच्छादन उशिरा काढणे किंवा उगवण सुरू झाल्यावरही उबदार तापमान तसेच चालू ठेवणे, ही त्यामागची नेहमीची कारणे होत. अशा वेळी आता प्रकाश वाढवण्याची धडपड करून विशेष लाभ नसतो. पुढच्या पेरणीचे वेळापत्रक बदलावे लागते.

याउलट खालचा दांडा नीट आणि वरची दोन-तीन पेरे एकाएकी लांबलेली असतील, तर रोपे ट्रेमध्ये गरजेपेक्षा जास्त दिवस राहिली आहेत किंवा पानाला पान भिडून दाटी झाली आहे. मधली रोपे उंच आणि कडेची बुटकी असतील तर दाटीचे निदान जवळजवळ निश्चित होते. सगळी रोपे एका दिशेला झुकलेली असतील, तर प्रकाश त्या बाजूनेच येत आहे. रोपे उंच आहेत, पण दांडा जाड, पाने मोठी, गडद हिरवी आणि मऊ आहेत, असे दिसल्यास प्रकाशापेक्षा खत, पाणी आणि उष्णता यांवर संशय घ्यावा. दांडा बारीक, पाने लहान आणि रंग पिवळट, अशी तिन्ही लक्षणे असतील तर मात्र प्रकाशाचा तुटवडा आहे.

रोपे बाहेर काढलेलीच आहेत, तर मुळेही पाहून घ्यावीत. पांढरी, कप्प्यात सर्वत्र पसरलेली मुळे असलेले लांब रोप वाचवण्यासारखे असते. मुळे तपकिरी किंवा केवळ वरच्या थरात असतील, अथवा माध्यमाच्या पातळीवर दांडा पाण्याने भिजल्यासारखा, चिंबलेला व काळपट दिसत असेल, तर ते रोप मर रोगाचे आहे. लांबुडकेपणाचे उपाय त्याला लागू पडत नाहीत आणि ते रोप शेजारच्या कप्प्यांसह ताबडतोब दूर करावे.

दुसरी पायरी: प्रकाश मोजणे आणि वाढवणे

डोळ्यांवर विसंबून हरितगृहातील प्रकाशाचा अंदाज करू नये. आपली बाहुली प्रकाशानुसार लहान-मोठी होते, त्यामुळे प्रकाश चौपट कमी झाला तरी तो डोळ्यांना किंचित मंद वाटतो. साधा लक्समीटर, म्हणजे प्रकाशाची तीव्रता लक्समध्ये दाखवणारे उपकरण, पुरेसा होतो; तो रोपांच्या शेंड्यांच्या उंचीवर, तोंड वर करून ठेवावा आणि सकाळी, दुपारी व सायंकाळी नोंद घ्यावी.

आकडे कसे घसरतात ते एका उदाहरणावरून कळेल. निरभ्र आकाशात भर दुपारी बाहेर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. हरितगृहाचे आच्छादन, सांगाडा आणि त्यावरची धूळ यांतून त्यापैकी साधारण ६० टक्के आत येतो असे धरले आणि आत ५० टक्क्यांची सावलीची जाळी ओढलेली असली, तर रोपांपर्यंत ३० हजार लक्स पोहोचतात, आणि लहान रोपांना ते पुरतात. पण दाट ढगाळ दिवशी बाहेरच २० हजार लक्स असतील, तर त्याच हिशोबाने रोपांच्या वाट्याला ६ हजार येतात. उन्हाच्या दिवसासाठी लावलेली जाळी ढगाळ आठवड्यात तशीच राहिली, एवढ्यावरून संपूर्ण ट्रे लांबलेला आढळतो.

रोपाला क्षणाच्या प्रकाशापेक्षा दिवसभरात मिळालेल्या एकूण प्रकाशाचा उपयोग होतो. तो प्रति चौरस मीटर प्रतिदिन मोल (प्रकाशकणांची संख्या मोजण्याचे माप) या एककात मोजतात. बहुतेक फुलरोपांना १० ते १२ मोल मिळाले तर ती घट्टमुट्ट होतात. ६ मोलांच्या खाली लांबुडकेपणा टाळणे कठीण जाते. सूर्यप्रकाशासाठी लक्सला ५४ ने भागले की प्रति चौरस मीटर प्रतिसेकंद मायक्रोमोल (मोलाचा दहा लाखावा भाग) मिळतात. बारा तासांच्या दिवसात सरासरी १० हजार लक्स मिळाले, तर भागाकार सुमारे १८५ येतो आणि दिवसाची बेरीज ८ मोल होते. ज्यांना गणित नको असेल त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे की बारा तासांच्या दिवसात रोपांच्या उंचीवर सरासरी १२ ते १५ हजार लक्स मिळाले पाहिजेत.

प्रकाश वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग धुलाईचा आहे. आच्छादन बाहेरून धुऊन घ्यावे, आतल्या बाजूला साचणारे दव कमी करण्यासाठी सकाळी वायुवीजन करावे, वर टांगलेल्या कुंड्या रोपांच्या ट्रेवरून हलवाव्यात आणि सावलीची जाळी कायमची बांधून न ठेवता सरकती ठेवावी. त्यानंतरही कमतरता राहिली तर दिव्यांचा विचार करावा. पांढऱ्या एलईडी दिव्यांखाली रोपांच्या उंचीवर १५० मायक्रोमोल तीव्रता मिळाली आणि दिवे १६ तास चालू राहिले, तर दिव्यांकडूनच जवळपास ८.६ मोल मिळतात. दिवे रोपांच्या शेंड्यांपासून १५ ते ३० सेंटीमीटरवर ठेवण्याची प्रथा आहे, मात्र दिव्याच्या क्षमतेनुसार ती उंची बदलते; पाने कडेने पांढरट पडू लागली किंवा वर वळू लागली तर दिवा थोडा वर घ्यावा. तारेचे जुने पिवळे दिवे या कामासाठी वापरू नयेत. त्यांच्या प्रकाशात दूर-लाल किरणांचे (लाल रंगापलीकडच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किरणांचे) प्रमाण फार असते आणि त्यांच्याखाली रोपे आणखी लांबतात. निळ्या प्रकाशाचा परिणाम याच्या उलट असतो. तो दांड्याची वाढ आवरतो, आणि चांगल्या पांढऱ्या एलईडीत तो पुरेसा असतो.

दिव्यांचे तास वाढवताना एक सावधगिरी बाळगावी. आफ्रिकन झेंडू, कॉसमॉस आणि झिनिया यांना दिवस लहान असताना लवकर कळी येते. दिवे सोळा तास चालू ठेवल्यास त्यांची फुले लांबणीवर पडतात. रोपावस्थेत हे बहुधा सोयीचेच असते, कारण लहान रोपालाच कळी आली तर त्याची वाढ खुंटते, पण पुनर्लागवडीनंतर फुलांची तारीख ठरलेली असेल तर हे तास हिशोबात धरावे लागतात.

अंधारलेल्या जागेत वाढलेली रोपे प्रखर उन्हात एकदम नेल्यास पाने भाजतात. प्रकाश तीन ते पाच दिवसांत टप्प्याटप्प्याने वाढवावा: पहिल्या दिवशी केवळ सकाळचे कोवळे ऊन, मग अर्धा दिवस, आणि शेवटी जाळी पूर्ण बाजूला.

तिसरी पायरी: दाटी मोडणे

प्रकाश भरपूर असूनही दाट ट्रेमधली रोपे का लांबतात, याचे उत्तर प्रकाशाच्या रंगात आहे. हिरवे पान लाल किरण शोषून घेते आणि दूर-लाल किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते किंवा पुढे जाऊ देते. उघड्या आकाशाखाली लाल आणि दूर-लाल किरणांचे प्रमाण जवळपास सारखे, लालाकडे किंचित झुकणारे असते. पानांच्या सावलीत ते झपाट्याने घसरते. रोपातील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हा बदल टिपते आणि शेजारी स्पर्धक उभा आहे असे समजून रोप उंची गाठू लागते. शेजाऱ्याच्या पानांवरून आडवे परतलेले दूर-लाल किरणही यासाठी पुरतात, म्हणजे प्रत्यक्ष सावली पडण्यापूर्वीच रोप लांबायला लागते. रोपे एकमेकांत गुंतल्यावर अंतर वाढवणे म्हणूनच उशिराचे ठरते. शेजारच्या पानांची टोके भेटण्याच्या बेतात असतानाच हालचाल करावी.

एका कप्प्यात दोन-तीन रोपे उगवली असतील तर पहिले खरे पान दिसताच सर्वांत ठेंगणे आणि जाड दांड्याचे एक ठेवून बाकीची बारीक कात्रीने माध्यमालगत कापावीत. उपटल्यास ठेवलेल्या रोपाची मुळे हलतात. नवख्या माणसाचा हात या ठिकाणी अडखळतो आणि तो सगळी रोपे जगवू पाहतो. त्या मायेची किंमत अख्खा कप्पा मोजतो. ट्रेमध्ये दोन ओळींआड एक ओळ रिकामी ठेवणे किंवा एका ट्रेतील रोपे एकाआड एक कप्पा सोडून दोन ट्रेंमध्ये वाटणे, हे जागा खाणारे असले तरी परिणामकारक आहे. ट्रे मेजावर एकमेकांना चिकटवून मांडण्याऐवजी मध्ये चार बोटे अंतर सोडले तर कडेच्या रोपांना हवा आणि प्रकाश दोन्ही मिळतात.

लहान कप्प्यांच्या ट्रेमध्ये रोप किती दिवस ठेवायचे, याला मर्यादा असते. कप्पे जितके लहान आणि संख्येने अधिक, तितकी ही मुदत कमी. रोप ओढल्यावर माध्यमाचा गोळा अखंड निघू लागला की ते लावणीस तयार झाले असे मानावे. लावणीची जागा तयार नाही म्हणून रोपे अडवून ठेवायची वेळ आल्यास तापमान आणि पाणी कमी करून ती थोपवता येतात, पण काही दिवसच.

चौथी पायरी: दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक

दांड्याची लांबी केवळ तापमान किती आहे यावर ठरत नाही; दिवसाचे तापमान रात्रीपेक्षा किती जास्त आहे, यावरही ती मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. रॉयल हाइन्स आणि जॉन अर्विन यांनी मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत १९८० च्या दशकात या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास केला आणि त्यातून दिवसाच्या तापमानातून रात्रीचे तापमान वजा करून येणारा आकडा हरितगृहचालकांच्या रोजच्या वापरात आला. दिवस २६ अंश आणि रात्र १६ अंश सेल्सिअस असेल तर फरक अधिक १० होतो आणि पेरे लांबतात. दोन्ही २० अंशांच्या आसपास ठेवली तर फरक शून्यावर येतो आणि पेरे आखूड राहतात. दिवस रात्रीपेक्षा थंड ठेवल्यास ती आणखी आखूड होतात. नवी पाने किती वेगाने येतात, हे मात्र चोवीस तासांच्या सरासरी तापमानावर ठरते. त्यामुळे सरासरी तीच ठेवून फरक कमी केला, तर रोपाचे वय तेवढेच राहून उंची कमी होते.

दिवस थंड ठेवणे बहुतेक ठिकाणी अवघड जाते, आणि त्यावर एक सोयीची युक्ती आहे. दांडा दिवसाच्या पहिल्या काही तासांत तापमानाला विशेष प्रतिसाद देतो. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी खिडक्या उघडून किंवा तापक बंद करून पुढचे दोन-तीन तास तापमान रात्रीपेक्षा ३ ते ५ अंशांनी खाली आणल्यास दिवसभर थंडावा ठेवण्याचा बराचसा लाभ मिळतो. सूर्य वर येऊन आत ऊब साचल्यावर हे करून उपयोग नसतो. या काळात पाने किंचित खाली झुकलेली किंवा फिकट दिसू शकतात; हा परिणाम तात्पुरता असतो.

सर्व फुले या उपायाला सारखी दाद देत नाहीत. पिटुनिया, साल्व्हिया, स्नॅपड्रॅगन, कोंबडा, शेवंती आणि लिली यांच्यावर परिणाम ठळक दिसतो. फ्रेंच झेंडू आणि अ‍ॅस्टर यांच्यावर तो फारसा होत नाही, म्हणून त्यांच्यासाठी अंतर आणि प्रकाश यांवरच भर द्यावा. सदाफुली उष्णताप्रिय आहे. तिला पहाटेचा गारवा फार दिला तर पाने पिवळी पडतात आणि मुळे कुजू लागतात, तेव्हा तिच्या ट्रेसाठी हा प्रयोग टाळलेला बरा.

हे सर्व करण्यासाठी किमान व कमाल तापमान नोंदवणारा तापमापक रोपांच्या उंचीवर, थेट ऊन लागणार नाही अशा आडोशाला टांगावा. दारापाशी माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेला तापमापक पाहून घेतलेले निर्णय बहुधा चुकतात.

पाचवी पायरी: पाणी आणि खत

पाण्याची मुबलकता असली की ताणल्या जाणाऱ्या पेशींना अडथळा राहत नाही. पूर्ण उगवण झाल्यावर दोन पाण्यांमध्ये माध्यमाचा वरचा थर सुकू द्यावा. कोकोपीटचा रंग गडद तपकिरीवरून फिकट झाला, ट्रे उचलल्यावर हलका लागला, पण पाने अद्याप ताठ आहेत, ही पाणी देण्याची योग्य वेळ होय. पाने मलूल होईपर्यंत थांबणे हा उपाय नव्हे. कोवळी मुळे एकदा वाळली की रोप उंचीला आवरले जाते, पण त्याचबरोबर निकामीही होते. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने आणि पृष्ठभाग कोरडे होतात, रात्रीची दमट हवा कमी होते आणि मर रोगालाही आळा बसतो.

खताच्या बाबतीत नत्राचा प्रकार त्याच्या मात्रेइतकाच महत्त्वाचा आहे. अमोनियम आणि युरिया या रूपातील नत्राने पाने मोठी, मऊ आणि पेरे लांब होतात. नायट्रेट रूपातील नत्राने, विशेषतः कॅल्शियमसह दिल्यास, रोप आखूड व टणक राहते. प्रकाश कमी आणि हवा थंड असताना अमोनियम माध्यमात साचून मुळांना अपायही करतो. म्हणून खताच्या पिशवीवर नत्राची फोड पाहावी आणि अमोनियम व युरिया मिळून एकूण नत्राच्या चौथ्या हिश्शापेक्षा जास्त नसलेले खत रोपांसाठी निवडावे. स्फुरदाचा भरपूर पुरवठादेखील दांडा लांबवतो. मुळे फुटावीत म्हणून रोपांना जास्त स्फुरदाचे खत देण्याचा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो फुलरोपांच्या बाबतीत मला पटत नाही.

बीजपत्रे पूर्ण उघडेपर्यंत खत देण्याची गरज नसते. त्यानंतर पाण्यात प्रतिलिटर ५० ते ७५ मिलिग्रॅम नत्र आणि खरी पाने वाढू लागल्यावर १०० ते १५० मिलिग्रॅम नत्र, आठवड्यातून एक-दोनदा, एवढे पुरते. कॅल्शियम नायट्रेटमध्ये १५.५ टक्के नत्र असते, त्यामुळे एका लिटरला ०.६५ ग्रॅम घातले की १०० मिलिग्रॅम नत्र मिळते. हे खत सल्फेट किंवा फॉस्फेट असलेल्या खताच्या तीव्र द्रावणात मिसळू नये. तळाला पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही वाया जातात. कॅल्शियम नायट्रेट हे संपूर्ण खत नसल्यामुळे अधूनमधून संतुलित विद्राव्य खताची पाळी ठेवावी. रोपे आधीच लांबून मऊ झालेली असतील, तर पाच-सहा दिवस खत थांबवून केवळ पाणी द्यावे आणि मग नायट्रेटच्या खताने पुन्हा सुरुवात करावी.

सहावी पायरी: वारा आणि स्पर्श

उघड्यावर वाढणारे रोप वाऱ्याने दिवसभर हलते आणि त्या हलण्यानेच त्याचा दांडा आखूड व जाड होतो. मार्क जाफ यांनी १९७३ मध्ये वनस्पतींच्या या प्रतिसादाचे वर्णन करून त्याला शास्त्रीय नाव दिले. बंद हरितगृहात ही हालचाल नसते, ती आणून द्यावी लागते. आडवे फिरणारे पंखे अशा बेताने लावावेत की पाने हलकीच थरथरतील. रोपे वाकून राहतील इतका झोत नको, कारण त्याने माध्यम असमान सुकते.

लहान प्रमाणावर काम असेल तर कार्डबोर्डची गुळगुळीत पट्टी किंवा प्लास्टिकची नळी रोपांच्या शेंड्यांवरून हलकेच फिरवता येते. दिवसातून दोनदा, दर वेळी दहा-वीस फेऱ्या, एवढे पुष्कळ झाले. पाने ओली असताना किंवा ट्रेमध्ये रोगाचे एखादेही लक्षण असताना हे करू नये, अन्यथा रोग एका रोपावरून सगळीकडे पोहोचतो. पिटुनियासारख्या चिकट, ठिसूळ पानांना याने इजा होते. त्यांना पंखाच पुरे.

सातवी पायरी: आधीच लांबलेली रोपे

आता जुन्या लांबीचा प्रश्न उरतो. बी स्वस्त आहे, उगवण चार-पाच दिवसांत होते आणि हंगामात वेळ शिल्लक आहे, अशी परिस्थिती असेल तर पुन्हा पेरणे हाच उत्तम मार्ग आहे. झिनिया, झेंडू आणि कॉसमॉस यांची नवी पेरणी जुन्या लेच्यापेच्या रोपांना तीन-चार आठवड्यांत गाठते. पिटुनिया किंवा सदाफुली यांची रोपे तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात, म्हणून तेथे वाचवण्याचा प्रयत्न करणे योग्य ठरते.

दांडा मातीआड करणे हा पहिला मार्ग. झेंडू, डेलिया, कॉसमॉस, कोलियस आणि हरितगृहात वाढवतात तो तेरडा यांच्या दांड्यातून सहज मुळे फुटतात, त्यामुळे मोठ्या कुंडीत लावताना बीजपत्रांच्या खालोखालपर्यंत माती भरता येते. हे करताना माध्यम निचऱ्याचे असावे, त्यात पर्लाइट (निचरा वाढवणारे हलके पांढरे खडे) थोडे जास्त घालावे आणि पहिल्या आठवड्यात पाणी जपून द्यावे, कारण कोवळा दांडा ओल्या, घट्ट मातीत मुळे फुटण्याआधीच कुजू शकतो. बीजपत्रे आणि पाने मातीत गाडू नयेत. ज्या फुलांची पाने जमिनीलगत एकाच बिंदूतून येतात, उदाहरणार्थ जरबेरा आणि प्रिम्युला, त्यांचा वाढीचा कोंब मातीखाली गेला तर तो सडतो. ती पूर्वीच्याच खोलीवर लावावीत. लांब रोप हाताळताना ते पानाला धरावे. पान तुटले तर दुसरे येते, दांडा चेंगरला तर रोप जाते.

शेंडा खुडणे हा दुसरा मार्ग. रोपाला तीन ते चार जोड्या खऱ्या पानांच्या आल्यावर सर्वांत वरचा कोंब नखाने किंवा निर्जंतुक केलेल्या कात्रीने पानाच्या जोडीच्या अगदी वर काढावा. शेंड्यातून खाली येणारा ऑक्झिन या वाढ-संप्रेरकाचा प्रवाह थांबल्यामुळे बगलेतील डोळे फुटतात आणि रोप बाजूने भरते. पिटुनिया, स्नॅपड्रॅगन, साल्व्हिया, शाखीय झेंडू, झिनिया, डेलिया, शेवंती आणि कोलियस यांना हे मानवते. मात्र फुले एक ते तीन आठवड्यांनी पुढे जातात. तुऱ्यासारखे एकच मोठे फूल देणारा कोंबडा आणि एका दांड्याचे सूर्यफूल यांचा शेंडा कधीही खुडू नये, कारण अपेक्षित फूल तेथेच असते. खुडलेल्या रोपाला त्या दिवशी जास्त पाणी वा खत देऊ नये, आणि प्रकाश सुधारण्यापूर्वी खुडूही नये. कमी प्रकाशात फुटलेल्या बगलफांद्याही तितक्याच लांबुडक्या येतात आणि एका लांब दांड्याऐवजी चार लांब दांडे मिळतात.

काही दिवस आधार देणे हा केवळ तात्पुरता उपाय आहे. बारीक काडी लावून सैल बांधलेले रोप उभे दिसते, पण त्याचा दांडा त्यामुळे जाड होत नाही.

वाढरोधकांविषयी

व्यावसायिक हरितगृहांत डॅमिनोझाइड, क्लोरमेक्वाट आणि पॅक्लोब्युट्राझोल ही वाढरोधके वापरली जातात. रोपातील जिबरेलिन या दांडा लांबवणाऱ्या संप्रेरकाची निर्मिती रोखून ती पुढील पेरे आखूड ठेवतात, झालेली लांबी ती कमी करत नाहीत. नवशिक्याने पहिल्या एक-दोन हंगामांत त्यांच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅक्लोब्युट्राझोलची मात्रा थोडी चुकली तरी बेगोनिया आणि पॅन्झी आठवडेच्या आठवडे खुंटून बसतात, आणि ते माध्यमात व ट्रेमध्ये राहून पुढच्या पिकावरही परिणाम करू शकते. वापरायचेच ठरले तर संबंधित फुलासाठी परवानगी आहे का ते लेबलवर पाहावे, मात्रा तंतोतंत पाळावी, आधी दहा-बारा रोपांवर चाचणी घ्यावी आणि प्रकाश, अंतर व तापमान यांतील दोष दूर झाल्याशिवाय फवारणीला हात लावू नये.

आठवी पायरी: पुढची पेरणी

लांबुडकेपणाचा मोठा हिस्सा पेरणीपासून पहिल्या आठवड्यातच टाळता येतो. पेरणीची तारीख लावणीच्या तारखेपासून मागे मोजून ठरवावी. लवकर पेरलेली रोपे ट्रेमध्ये वाट पाहत लांबतात. पिटुनिया, स्नॅपड्रॅगन आणि बेगोनिया यांचे बारीक बी माध्यमावर टाकून उघडे ठेवावे, कारण त्याला उगवायला प्रकाश लागतो किंवा उपकारक ठरतो. झेंडू आणि झिनिया यांच्या बियांवर व्हर्मिक्युलाइटचा (ओल धरणाऱ्या हलक्या खनिजाचा) पातळ थर द्यावा. सदाफुलीला उगवताना अंधार हवा, आणि म्हणूनच तिच्या बाबतीत झाकण काढायला एक दिवस उशीर झाला तरी दांडे चटकन लांबतात.

उगवणीच्या काळात ट्रे दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, पाहावेत. झिनियासारखे चपळ बी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी माध्यम फोडते आणि चौथ्या दिवशी दुपारी पाहिले तर दांडा दोन-तीन सेंटीमीटर झालेला असतो. सगळे बी उगवण्याची वाट पाहू नये. निम्म्या कप्प्यांत हिरवी कमान दिसताच प्लास्टिकचे झाकण काढावे, ट्रे उगवणकक्षातून प्रकाशात न्यावा आणि तापमान ३ ते ४ अंशांनी उतरवावे. मागे राहिलेले बी बहुतेक उगवते; जे उगवत नाही त्यासाठी पेरतानाच दहा टक्के कप्पे जादा धरावेत. एकाच ट्रेमध्ये दोन जाती पेरू नयेत, कारण तीन दिवसांत उगवणारी झिनिया आणि दहा दिवस घेणारा पिटुनिया यांना झाकण काढण्याची एकच वेळ कधीच मानवत नाही.

लावणीपूर्वीचा आठवडा रोपे काटक करण्यासाठी राखून ठेवावा. पाण्याच्या पाळ्यांतील अंतर थोडे वाढवावे, खत निम्मे करावे, खिडक्या रात्रीही शक्य तितक्या उघड्या ठेवाव्यात आणि ट्रे दररोज काही तास बाहेरच्या हवेत ठेवावेत. प्रत्येक ट्रेवर जात, पेरणीची तारीख आणि झाकण काढल्याची तारीख लिहिलेली पट्टी खोचावी, आणि दर आठवड्याला त्याच पाच रोपांची उंची व सर्वांत वरच्या पूर्ण पेराची लांबी मोजून वहीत लिहावी. एखाद्या आठवड्यात पेर आदल्या आठवड्यापेक्षा लांब निघाले, तर त्या आठवड्याच्या तापमानाच्या आणि प्रकाशाच्या नोंदी काढून पाहाव्यात. दोष डोळ्यांना दिसण्याइतका वाढण्याआधीच तेथे सापडतो.